कस्टम्सकडे गाऱ्हाणं कसं मांडायचं आणि उत्तर कुठे शोधायचं: नव्या आयात-निर्यातदारांसाठी

वाशीच्या आमच्या ऑफिसात दर दोन-तीन महिन्यांनी एक फोन ठरलेला. समोरचा बहुधा भोसरीचा नाहीतर सातपूरचा, आयातीचा दुसरा-तिसरा कंटेनर. "साहेब, कस्टम्सला मेल टाकून पंधरा दिवस झाले. साधी पोचसुद्धा नाही." मी म्हणतो, तो मेल मला पाठवा. मेल येतो. तीन पानं. पहिल्या पानावर देशाच्या उद्योगधोरणाचं चिंतन, दुसऱ्यावर झालेला मनस्ताप, आणि तिसऱ्याच्या तळाशी, सहीच्या वर, बिल ऑफ एंट्रीचा, म्हणजे आयात मालाच्या घोषणापत्राचा, नंबर. (पुढे नुसतं "बिल" म्हटलं की हेच.) त्यातलाही एक आकडा चुकलेला.

मी हसत नाही, कारण सुरुवातीला असा मेल मीही लिहिलाय.

कस्टम्स व्यापाऱ्यांचं ऐकतं. ऐकल्याची खूण मात्र तुमच्या नावाच्या पत्रात मिळेलच असं नाही, ती बहुतेकदा सगळ्यांसाठी निघालेल्या नोटिशीत असते. आणि एकट्याच्या संतापापेक्षा दहा बिलांवर सारखीच उमटलेली अडचण तिथे लवकर पोचते. हे उमगलं की निम्मी धावपळ वाचते. पुढचं सगळं न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू कस्टम हाउसचा, म्हणजे जेएनसीएचचा अनुभव धरून लिहिलंय. सहारचं एअर कार्गो असो, बॅलार्ड इस्टेट असो की नागपूरचा ड्राय पोर्ट, रीत थोड्याफार फरकाने तीच.

आधी दार ओळखा

"माल अडकलाय" हे वाक्य एकच, पण अडकवणारे अर्धा डझन. सीएफएसने, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर-गोदामाने, लावलेलं जागाभाडं (डेमरेज) सीएफएसचं. कंटेनर उशिरा परत केला म्हणून लागणारं डिटेन्शन शिपिंग लाइनचं. आयईसी (आयात-निर्यात कोड) आणि परवाने डीजीएफटीकडे, म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालयाकडे. खाद्यपदार्थांच्या नमुन्याचा अहवाल एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, लाकूड-बियाणं-फळांची तपासणी प्लांट क्वारंटाइनची. कस्टम्सच्या अंगावर येतं ते असेसमेंट (ड्युटीची आकारणी), क्वेरी (अधिकाऱ्याने बिलावर विचारलेला प्रश्न), मालाची तपासणी, आउट ऑफ चार्ज (माल सोडायची परवानगी), आणि निर्यातीत ड्रॉबॅक (कच्च्या मालावरच्या ड्युटीची परतफेड) व आयजीएसटीचा परतावा.

यात एक पोटभेद आहे, तो नवख्यांना कुणी सांगत नाही. सीएफएस आणि टर्मिनल हे कस्टम्सने नेमलेले कस्टोडियन, म्हणजे मालाचे राखणदार, असतात आणि त्यांच्यावर २००९ च्या कार्गो हाताळणी नियमांचं बंधन असतं. दरपत्रक ठळक जागी लावणं हा त्याच बंधनाचा भाग. म्हणजे "दर जास्त आहेत" ही तक्रार कस्टम्सकडे नेऊन फारसं काही होणार नाही, पण "दरपत्रक कुठेच लावलेलं नाही आणि बिलात नवंच शुल्क आलंय" ही तक्रार जरूर नेता येते. तसंच, माल कस्टम्सने अडवून ठेवला आणि शेवटी तुमची कागदपत्रं खरी निघाली, तर त्या दिवसांचं डेमरेज-डिटेन्शन माफ व्हावं म्हणून कस्टम्सकडे प्रमाणपत्र मागता येतं. मागाच. मात्र ते हातात पडलं की सीएफएस आणि लाइन लगेच पैसे सोडतील अशी आशा धरू नका. तिथे दुसरा झगडा सुरू होतो.

घड्याळ लावून बघा

तक्रार लिहायच्या आधी आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर आपल्या बिलाचा माग काढा. प्रत्येक टप्प्याची वेळ तिथे मिळते: बिल दाखल कधी झालं, क्वेरी कधी आली, आपण उत्तर कधी दिलं, असेसमेंट कधी झालं, ड्युटी कधी भरली, आउट ऑफ चार्ज कधी मिळालं. या वेळा एका कागदावर एकाखाली एक लिहून काढा आणि दोन वेळांमधला फरक शेजारी मांडा.

हे केल्यावर पहिला धक्का आपल्यालाच बसतो. आमच्या एका गिऱ्हाइकाचा "कस्टम्सने खाल्लेला" आठवडा मी असाच मांडला. असेसमेंट शुक्रवारी संध्याकाळी झालेलं, ड्युटी मंगळवारी दुपारी भरलेली. मधले दिवस खात्यात पैसे यायची वाट बघण्यात गेले होते. सीमाशुल्क मंडळ, म्हणजे सीबीआयसी, स्वतःही अशी मोजणी करतं, तिला टाइम रिलीज स्टडी म्हणतात. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासात, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातल्या बिलांवरून, बंदरांवर माल सुटायला सरासरी ८५ तास ४२ मिनिटं लागल्याचं दिसलं. बिल आगाऊ भरणं, जोखीम-प्रणालीतून विनातपासणी सुटणं आणि एईओसारखी विश्वासू व्यापाऱ्याची ओळख असणं, या तिन्हींचा मेळ बसला की वेळ उतरते, हेही त्यात मांडलंय. तुम्ही बैठकीत "फार उशीर होतो" म्हणालात की समोरचा अधिकारी हेच आकडे काढतो. तुमचे तुमच्याजवळ असलेले बरे.

गाऱ्हाणं वेगळं, अपील वेगळं

इथे जरा थांबा, कारण नवखे लोक इथेच पैसे घालवतात.

अधिकाऱ्याने मालाचं वर्गीकरण बदललं, किंमत वाढवली, ड्युटी जास्त लावली, तर तो कायदेशीर निर्णय झाला. मेल, बैठका, पोर्टल यांनी तो बदलत नाही. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १७(५) प्रमाणे, फेरअसेसमेंट तुम्ही लेखी मान्य केलेलं नसेल तर अधिकाऱ्याने १५ दिवसांत कारणांसह आदेश द्यायचा असतो. त्याला बोलीभाषेत स्पीकिंग ऑर्डर म्हणतात. तो मागा, लेखी मागा. आदेश मिळाल्यापासून आयुक्तांकडे, म्हणजे कमिशनर अपील्सकडे जायला ६० दिवस असतात. पुढे उशीर माफ होऊ शकतो तो फार तर आणखी ३० दिवसांचा.

"जास्तीची ड्युटी भरून माल सोडवू, मागाहून रिफंड मागू" हा जुना सल्ला अजून कानावर येतो. सप्टेंबर २०१९ मध्ये आयटीसीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की असेसमेंटचा आदेश रीतसर बदलून घेतल्याशिवाय नुसता परताव्याचा अर्ज चालत नाही. अगदी तुम्ही स्वतःच भरलेल्या असेसमेंटलाही हे लागू आहे. तेव्हा बैठकीत मुद्दा मांडा, संघटनेला सांगा, पण ६० दिवसांची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. "साहेब म्हणाले बघतो" या वाक्यावर माझ्या डोळ्यांदेखत एकाची मुदत टळली. साहेबांनी खरंच बघितलं होतं. तोवर बदल करणं त्यांच्या हातात उरलं नव्हतं.

एक पान, एक मुद्दा

आता तो मेल. भोसरीचं एक गिऱ्हाईक औद्योगिक पंपांची मेकॅनिकल सील मागवतं. फेसलेस असेसमेंट आल्यापासून बिल न्हावा शेव्याला भरलं तरी तपासणारा अधिकारी देशातल्या कुठल्याही बंदरावर बसलेला असतो, आणि तो कोण हे तुम्हाला कळत नाही. आमची बिलं कधी दक्षिणेत, कधी पूर्वेत जात. बहुतेक वेळा नवा अधिकारी तोच प्रश्न विचारायचा: हे टॅरिफच्या ८४८४ शीर्षकात का, पंपाचा भाग म्हणून ८४१३ मध्ये का नाही? कॅटलॉग अपलोड करा, वापर सांगा. आम्ही सांगायचो. माल सुटायचा. पुढच्या कंटेनरला पहिल्यापासून सुरू.

पहिल्यांदा मी तीन पानी लिहिलं. काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा एकच पान. विषयाच्या ओळीत: "मेकॅनिकल सील, सहा बिलं, चार बिलांवर एकच क्वेरी". खाली सहा ओळींचा तक्ता: बिल नंबर आणि तारीख, क्वेरीचा मजकूर जसाच्या तसा, उत्तराची वेळ, असेसमेंटची वेळ, शेवटी कुठलं वर्गीकरण मान्य झालं. सहाही ओळींत शेवटचा रकाना सारखाच, ८४८४. तक्त्याखाली दोन वाक्यं: एकाच पुरवठादाराच्या एकाच मालावर मान्य झालेलं वर्गीकरण पुन्हा पुन्हा विचारलं जातंय, ही पद्धत एकसारखी व्हावी ही विनंती.

भावना नाही, विशेषण नाही. असा कागद अधिकारी पुढे सरकवू शकतो, कारण त्याखाली त्याला आपल्या बाजूने काही लिहावं लागत नाही. पत्रव्यवहार इंग्रजीत किंवा हिंदीत चालतो. इंग्रजी कच्चं असेल तर काळजी नको, तोडकी वाक्यं आणि चोख आकडे अलंकारिक इंग्रजीपेक्षा तिथे जास्त चालतात. मागणी एकच ठेवा. चार मागण्या असतील तर चार मेल, कारण चार टेबलांवर जाणारा एक मेल पहिल्याच टेबलावर मुक्काम करतो.

शिडी कशी चढायची

चालू कन्साइनमेंट अडकली असेल तर मोठ्या साहेबांकडे धावू नका. तपासणीचा, बाँडचा, मूळ कागद दाखवण्याचा प्रश्न असेल तर बंदरावरचं तुरंत सुविधा केंद्र. असेसमेंट दुसऱ्या शहरात रखडलं असेल तर आइसगेटवरची निनावी पाठपुराव्याची सोय वापरा. त्यात तुमची विनंती थेट ज्याच्याकडे बिल आहे त्याच्यापर्यंत जाते, तो कोण हे तुम्हाला न कळता. ही सोय कशी आली तेही सांगण्यासारखं आहे. फेसलेस असेसमेंट ८ जून २०२० ला चेन्नई आणि बंगळुरूपासून सुरू झालं आणि ३१ ऑक्टोबरला देशभर लागू झालं. त्या हिवाळ्यात व्यापाऱ्यांची एकच ओरड: बिल कुणाकडे आहे माहीत नाही, मग विचारायचं कुणाला? त्यावर मंडळाने परिपत्रकं काढली, आणि जुलै २०२१ च्या १४ क्रमांकाच्या परिपत्रकात ही पाठपुराव्याची यंत्रणा आली. अधिकाऱ्याचं नाव मिळालं नाही, पण त्याच्या दारावर टकटक करायची कळ मिळाली. असा मधला तोडगा ही कस्टम्सची ठेवणीतली रीत आहे.

त्याने भागलं नाही तर त्या विभागाचे डेप्युटी किंवा असिस्टंट कमिशनर, मग अॅडिशनल किंवा जॉइंट कमिशनर. न्हावा शेव्याला आयुक्तालयं अनेक आहेत, एनएस-जनरलपासून एनएस-पाचपर्यंत आणि शिवाय ऑडिट. आपला माल कुणाच्या कक्षेत येतो ते जेएनसीएचच्या संकेतस्थळावर आधी बघा. आपला सीएचए, म्हणजे कस्टम्सचं काम करून देणारा एजंट (कायद्यात नाव कस्टम्स ब्रोकर झालं, तोंडात अजून सीएचएच), हे पाठ सांगतो.

याच्याही पलीकडे सीपीग्राम्स हे केंद्राचं तक्रार-पोर्टल. ऑगस्ट २०२४ पासून तिथली निपटाऱ्याची मुदत ३० वरून २१ दिवस झाली. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत अपील करता येतं. न्यायप्रविष्ट बाबी तिथे घेत नाहीत. माझं मत विचाराल तर सीपीग्राम्स थकलेल्या रिफंडसाठी किंवा उत्तरच न आलेल्या अर्जासाठी उत्तम, पद्धत बदलून घेण्यासाठी कुचकामी. तिथे "तक्रार निकाली" होणं हेच ध्येय असतं, आणि निकाली निघते ती तुमची एक तक्रार.

महिन्याची बैठक

पद्धत बदलायची असेल तर जागा ही. पर्मनंट ट्रेड फॅसिलिटेशन कमिटी, सगळे पीटीएफसी म्हणतात. साधारण महिन्यातून एकदा आयुक्त किंवा मुख्य आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली भरते. समोर सीएचएंची संघटना, जहाज एजंटांची, सीएफएसवाल्यांची, आयात-निर्यातदारांच्या संघटना, चेंबर. मुद्दे आधी मेलने मागवतात. एकटा आयातदार सहसा तिथे जात नाही, संघटनेमार्फत मुद्दा देतो. म्हणून पहिल्याच वर्षी एखाद्या चेंबरचं किंवा आपल्या मालाच्या संघटनेचं सभासद व्हा. महाराष्ट्र चेंबर आहे, निर्यातदारांचं फिओ आहे. ते नको असेल तर आपल्या सीएचएला सांगा, बृहन्मुंबई कस्टम ब्रोकर्स असोसिएशन त्याची असतेच. वर्गणी जड वाटते, पण एका कंटेनरच्या चार दिवसांच्या डिटेन्शनपुढे काहीच नाही.

एफएसएसएआय, प्लांट क्वारंटाइन, ड्रग कंट्रोलर अशा इतर खात्यांपायी उशीर होत असेल तर त्यासाठी वेगळी समिती आहे, कस्टम्स क्लिअरन्स फॅसिलिटेशन कमिटी. २०१५ साली बंदरोबंदरी नेमली गेली. सगळी खाती एका टेबलाशी बसतात, त्यामुळे "नमुना त्यांच्याकडे आहे", "आमच्याकडे आलाच नाही" हा खेळ तिथे समोरासमोर संपतो. द्राक्षाच्या हंगामात रीफर, म्हणजे थंड ठेवणारा, कंटेनर दारात उभा असताना याची किंमत नाशिकच्या निर्यातदाराला विचारा.

बैठकीत काय होतं? तुमचा मुद्दा वाचला जातो. अधिकारी एक प्रश्न विचारतात: "बिल नंबर?" नंबर असेल तर तिथल्या तिथे कुणाला तरी बघायला सांगतात. नसेल तर इतिवृत्तात येतं "ट्रेडने विशिष्ट उदाहरणं द्यावीत", आणि मुद्दा मिटतो. हे वाक्य इतिवृत्तात दिसलं की समजायचं, आपण गृहपाठ न करता गेलो होतो.

आमचा सीलचा मुद्दा असाच गेला. उत्तर अर्धं आमच्याकडेच परतलं. असेसमेंटमधली एकवाक्यता ही राष्ट्रीय असेसमेंट केंद्रांची जबाबदारी, म्हणून मुद्दा तिकडे पाठवला. आणि आम्हाला सांगितलं: कॅटलॉग क्वेरीची वाट न बघता बिलासोबतच ई-संचितवर (कागदपत्रं ऑनलाइन चढवायच्या सोयीवर) चढवा, मालाच्या वर्णनात नुसतं "सील" लिहू नका, आधीच्या बिलाचा संदर्भ द्या. मला तेव्हा राग आला होता. गाऱ्हाणं आमचं आणि कामही आम्हालाच! पण तसं केल्यावर क्वेरी कमी झाल्या, पूर्ण थांबल्या नाहीत. वर्गीकरणाचा प्रश्न पक्का सोडवायचा तर अॅडव्हान्स रूलिंग, म्हणजे आधीच मागून घेतलेला बंधनकारक निर्णय, हाच मार्ग. बॅलार्ड इस्टेटच्या न्यू कस्टम हाउसमध्ये त्याचं प्राधिकरण आहे, फी दहा हजार रुपये, निर्णय तीन महिन्यांत अपेक्षित. माल वर्षानुवर्षं तोच येणार असेल तर हा खर्च करा.

उत्तर कुठे येतं आणि ते कसं वाचायचं

पीटीएफसीच्या इतिवृत्तात मुद्द्यासमोर "कार्यवाही" लिहिलेली असते. पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात तो मुद्दा चालू आहे की बंद, हे बघा. बंद केला असेल आणि अडचण तशीच असेल तर नव्या उदाहरणांसह नवा मुद्दा म्हणून द्या. जुन्यावर भांडत बसू नका.

बदल झाला तर तो कागदाच्या रूपाने येतो, आणि कागदांच्या जाती आहेत. पब्लिक नोटीस स्थानिक कस्टम हाउसची, व्यापाऱ्यांसाठी. स्टँडिंग ऑर्डर त्याच कस्टम हाउसची, अधिकाऱ्यांसाठी. पण तीही वाचा, कारण अधिकारी काय मागणार ते त्यात असतं. परिपत्रक आणि इन्स्ट्रक्शन दिल्लीच्या मंडळाकडून. नोटिफिकेशन म्हणजे कायद्याची ताकद असलेला कागद: टॅरिफची दरांबाबत, नॉन-टॅरिफची कार्यपद्धतीबाबत. खिडकीवर वाद झाला तर "बैठकीत ठरलंय" म्हणू नका, नोटिशीचा नंबर सांगा. तुमच्या नावाने पत्र आलं तर त्यावर डीआयएन, म्हणजे दस्तऐवज क्रमांक आहे का ते पडताळा. ८ नोव्हेंबर २०१९ पासून ही पद्धत आहे, आणि क्रमांक खरा की खोटा हे मंडळाच्या संकेतस्थळावर कळतं. खोट्या नोटिशी पाठवून पैसे उकळणारे आहेत, म्हणून हे सांगतोय.

मोठं गाऱ्हाणं कसं पचवलं जातं याचा माझ्यापुरता धडा म्हणजे एसबी००५. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला. आयजीएसटी भरून निर्यात केली की शिपिंग बिल (निर्यात मालाचं घोषणापत्र) हाच परताव्याचा अर्ज, वेगळं काही भरायला नको, असं छान ठरलं. पण आपल्याकडचे लोक दोन इन्व्हॉइस करायचे, एक कस्टम्सला दाखवायचं व्यापारी इन्व्हॉइस आणि एक जीएसटीचं, दोन्हींचे नंबर वेगळे. संगणकाने शिपिंग बिलातला नंबर जीएसटी रिटर्नमधल्या नंबराशी ताडला, जुळला नाही, आणि शेरा मारला एसबी००५. पैसे अडकले. लहान निर्यातदाराचं खेळतं भांडवल किती असतं? दोन महिन्यांत गळा आवळला.

पहिलं उत्तर आलं ते "नीट भरा". ते चूक नव्हतं, पण आधीच गेलेल्या बिलांचं काय? ओरड वाढली. फेब्रुवारी २०१८ मध्ये मंडळाने ५ क्रमांकाचं परिपत्रक काढलं: निर्यातदाराने दोन्ही इन्व्हॉइस नंबर शेजारी-शेजारी मांडलेला जुळणी-तक्ता द्यायचा आणि अधिकाऱ्याने तो पाहून हाताने मंजुरी द्यायची. सवलत ३१ डिसेंबर २०१७ पर्यंतच्या बिलांपुरती. मार्चमध्ये परतावा पंधरवडा भरला, मे-जूनमध्ये दुसरा, जुलैमध्ये तिसरा. कस्टम हाउसात टेबलं मांडून, फाइली घेऊन लोक रांगेत. त्या मार्चमध्ये मी एका दिवसात तीन तक्ते तिथल्याच बाकावर बसून पेनाने दुरुस्त केले. दरम्यान सवलतीची तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे, मग आणखी. लोक चुकत राहिले, तारीख सरकत राहिली. शेवटी फेब्रुवारी २०२१ मध्ये, पुन्हा ५ क्रमांकाच्याच परिपत्रकाने, सोय कायमची झाली, एक हजार रुपये फी लावून.

हा क्रम ध्यानात ठेवा: आधी नियमाकडे बोट, मग तात्पुरती सूट, मग शिबिर, मग मुदतवाढ, सरतेशेवटी कायमची व्यवस्था आणि तिला फी. साडेतीन वर्षं. सगळंच इतकं रेंगाळत नाही. १ एप्रिल २०२३ ला ड्युटी भरण्यासाठी इलेक्ट्रॉनिक कॅश लेजर सुरू झालं आणि प्रणाली अडखळली, तेव्हा त्या दिवसांच्या विलंबाचं व्याज माफ करणारा आदेश त्याच महिन्यात निघाला. दोष सरळसरळ प्रणालीचा असेल आणि देशभर एकाच वेळी दिसत असेल तर उत्तर दिवसांत येतं. दोष अर्धा आपला असेल तर वर्षं. आपलं गाऱ्हाणं यातलं कुठलं, हे प्रामाणिकपणे ठरवून मगच वाट बघा.

नियमच बदलायचा असेल तर

दर चुकीचा आहे, कच्च्या मालावर तयार मालापेक्षा जास्त ड्युटी आहे, अशा गोष्टी बंदरावर सांगून घसा कोरडा होतो. त्यासाठी अर्थसंकल्पाच्या आधीचे महिने. अर्थ मंत्रालय दरवर्षी उद्योग-संघटनांकडून शुल्कबदलाच्या सूचना मागवतं. आकडेवारीसह दिलेली सूचना वाचली जाते. २०२१ च्या अर्थसंकल्पात ४०० हून अधिक जुन्या शुल्कसवलती तपासायचं ठरलं, व्यापाऱ्यांकडून मतं मागवली, आणि २०२२ मध्ये साडेतीनशेहून अधिक नोंदी टप्प्याटप्प्याने काढायचं जाहीर झालं. म्हणजे मत मागवतात तेव्हा गप्प बसलेल्याची सवलत आधी जाण्याची शक्यता असते. नव्या नियमांचे मसुदेही मंडळाच्या संकेतस्थळावर अभिप्रायासाठी येतात. भारताने २०१६ मध्ये मान्य केलेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या व्यापार सुलभीकरण कराराचं दुसरं कलमच मुळी नियम लागू होण्याआधी व्यापाऱ्यांना मत मांडायची संधी देण्याबद्दल आहे.

आणि कुणी पैसे मागितले तर

ती पीटीएफसीची बाब नाही. दक्षता विभाग किंवा सीबीआय. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवलं तरच बचाव. पुरावा नसताना आरोप लिहू नका. पुरावा असेल तर तो सेवेविषयीच्या साध्या तक्रारीत मिसळू नका, दोन्ही फाइली बिघडतात.

समाजमाध्यमांचं विचाराल तर, ऑक्टोबर २०२५ मध्ये चेन्नईच्या एका आयातदाराने लाचेचे आरोप करत भारतातला व्यवसायच बंद केल्याचं जाहीर केलं. कस्टम्सने आरोप नाकारले, आणि अर्थ मंत्रालयाने लगोलग चौकशी लावली. इतक्या वेगाने उत्तर आलेलं मी क्वचितच पाहिलंय. पण ती वाट धरणाऱ्याने आधी आपली सगळी बिलं, वर्णनं, किमती उजेडात धरून बघाव्यात, कारण दुसऱ्या दिवशी बाकीचे लोक तेच करणार असतात.

भोसरीच्या त्या सीलवाल्यांनी आता एक वही ठेवलीय. संगणकावर नाही, चक्क दोनशे पानी वही. प्रत्येक बिलाची एक ओळ, क्वेरी आली तर लाल शाईने. तीन लाल ओळी सारख्या दिसल्या की मला त्या पानाचा फोटो येतो, खाली काहीही न लिहिता. मागच्या महिन्यात दोनच होत्या.